पित्याचा शस्त्रन्यास : ‘ट्वेंटी फाइव्ह’ या दूरचित्रवाणी-नाट्यभागाचे परीक्षण

दूरचित्रवाणीवरील नाट्यमालिकेचा वाङ्मयीन दृष्टीने विचार करावा की नाही, याविषयी आपल्या अभ्यासकांच्या मनात अद्यापही थोडा संकोच आढळतो. आठवड्यामागून आठवडा चालणारी, जाहिरातींनी खंडित होणारी व अनेक हातांनी लिहिली जाणारी ही कृती एकसंध कलाकृती कशी मानावयाची, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप निराधार नाही. तथापि एखाद्या मालिकेतील एखादा भाग असा असतो की, तेथे अनेक वर्षे विणत आणलेले धागे एकत्र येतात आणि एका नैतिक प्रश्नाला नाट्यरूप प्राप्त होते. अमेरिकेतील ‘द वेस्ट विंग’ या राजकीय नाट्यमालिकेच्या चौथ्या पर्वाचा अखेरचा भाग ‘ट्वेंटी फाइव्ह’ हा अशांपैकी एक होय. एनबीसी या वाहिनीवरून तो १४ मे २००३ रोजी प्रथम दाखविला गेला. लेखन मालिकेचा निर्माता-लेखक ॲरन सॉर्किन याचे असून दिग्दर्शन ख्रिस्तोफर मिसियानो याने केले आहे. प्रस्तुत लेखात या भागाचे नाट्यगुण, त्यामागील घटनात्मक प्रश्न आणि त्याची मर्यादा यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

कथानक थोडक्यात असे. राष्ट्राध्यक्ष जोसाया बार्टलेट याची धाकटी कन्या झोई हिचे, तिच्या पदवीदानाच्या रात्री, एका नृत्यगृहातून अपहरण होते. तिच्या रक्षणासाठी नेमलेली सीक्रेट सर्व्हिसची तरुण रक्षिका मॉली ओकॉनर हिला ठार मारण्यात येते. एवढे पूर्वीच्या ‘कमेन्समेंट’ या भागात घडून गेले आहे. ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये अपहरणानंतरचे तास येतात. संशयाची सुई ‘कुमर’ या मध्यपूर्वेतील कल्पित राष्ट्राकडे वळते. कन्या ओलीस आणि हाती जगातील सर्वांत बलाढ्य सैन्य, अशा अवस्थेत सापडलेला बार्टलेट अखेर आपले अधिकार तात्पुरते सोडून देण्याचा निर्णय घेतो. उपाध्यक्ष हॉइन्स याने काही दिवसांपूर्वीच राजीनामा दिला असल्यामुळे ते अधिकार प्रतिनिधिगृहाचा सभापती ग्लेन ॲलन वॉकेन याच्याकडे जातात. आणि हा वॉकेन विरोधी पक्षाचा आहे. तो शपथ घेतो, बार्टलेट कार्यालयातून बाहेर पडतो आणि भाग संपतो. कन्येचे पुढे काय झाले, हे प्रेक्षकाला कळत नाही.

या भागाचे शीर्षक अमेरिकन राज्यघटनेच्या पंचविसाव्या दुरुस्तीकडे निर्देश करते. ही दुरुस्ती १० फेब्रुवारी १९६७ रोजी संमत झाली. त्यापूर्वी अध्यक्ष जिवंत असूनही कार्य करण्यास असमर्थ असेल तर काय करावयाचे, याची नीट व्यवस्था नव्हती. १८८१ साली अध्यक्ष गारफील्ड गोळी लागल्यानंतर २ जुलैपासून १९ सप्टेंबरपर्यंत मृत्युशय्येवर होता. १९१९ साली अध्यक्ष विल्सन पक्षाघाताने खिळला. दोन्ही वेळी राज्यशकट कोणाच्या हाती आहे हे स्पष्टपणे कोणी सांगू शकले नाही. केनेडीच्या हत्येनंतर इंडियानाचा सेनेटर बर्च बाय याच्या पुढाकाराने ही उणीव भरून काढण्यात आली. दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमानुसार अध्यक्ष स्वतःच लेखी निवेदनाने आपली असमर्थता जाहीर करू शकतो व तशाच लेखी निवेदनाने पुन्हा अधिकार स्वीकारू शकतो. मधल्या काळात उपाध्यक्ष कार्यवाहक अध्यक्ष म्हणून काम पाहतो. ‘असमर्थता’ या शब्दाची व्याख्या मात्र हेतुपुरस्सर केलेली नाही. ही व्याख्या न करणे हेच सॉर्किनच्या नाट्याचे बीज आहे.

प्रत्यक्ष इतिहासात या कलमाचा उपयोग शस्त्रक्रिया वा वैद्यकीय तपासणी यांच्यापुरताच झालेला दिसतो. १३ जुलै १९८५ रोजी रेगनने, हे कलम लागू करीत नसल्याचे पत्रात नमूद करूनही, व्यवहारतः तोच मार्ग अवलंबिला. २९ जून २००२ आणि २१ जुलै २००७ रोजी धाकट्या बुशने, व १९ नोव्हेंबर २०२१ रोजी बायडेनने, काही तासांपुरते अधिकार उपाध्यक्षाकडे सोपविले. या सर्व प्रसंगी असमर्थता देहाची होती. भूल दिलेला मनुष्य निर्णय घेऊ शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सॉर्किन हीच तरतूद उचलतो आणि तीत देहाऐवजी मन ठेवतो. बार्टलेट शुद्धीवर आहे, धडधाकट आहे, त्याची बुद्धी शाबूत आहे. तरीही तो म्हणतो की मी असमर्थ आहे. कायद्याच्या एका रिकाम्या शब्दात नाटककाराने नवा आशय भरला, ही त्याच्या कल्पकतेची पहिली खूण होय.

परंतु केवळ कल्पकतेने नाट्य उभे राहत नाही. त्यास पूर्वतयारी लागते. या भागाची पूर्वतयारी विलक्षण लांब पल्ल्याची आहे. ३ नोव्हेंबर १९९९ रोजी दाखविलेल्या ‘मिस्टर विलिस ऑफ ओहायो’ या भागात, संरक्षकांचा जाच नको म्हणणाऱ्या झोईला बार्टलेट रागाच्या भरात एक भीषण कल्पनाचित्र ऐकवितो : तुला कोणी पळवून नेले, तर या देशाला सेनापती उरणार नाही, उरेल तो मुलीच्या काळजीने भान हरपलेला एक बाप. त्या वेळी हे शब्द पित्याच्या अतिकाळजीचे म्हणून ऐकले जातात. साडेतीन वर्षांनी ते खरे ठरतात. आपल्या कथापरंपरेत शापवाणी जे कार्य करते, तेच कार्य येथे एका पित्याच्या काळजीने केले आहे.

दुसरी तयारी अपराधाची. मे २००२ मधील ‘पॉसी कॉमिटेटस’ या भागात बार्टलेटने कुमरचा संरक्षणमंत्री अब्दुल शरीफ याच्या गुप्त हत्येस संमती दिली होती. शरीफ हा दहशतवादी कटांमागील सूत्रधार असल्याचा पुरावा होता. परंतु तो एका मित्रराष्ट्राचा मंत्रीही होता, आणि १९७६ साली अध्यक्ष फोर्डने काढलेल्या आदेशापासून राजकीय हत्येस अमेरिकन शासनाने स्वतःच बंदी घालून घेतलेली आहे. हत्या बर्म्युडातील एका धावपट्टीवर होते, आणि त्याच वेळी अध्यक्ष न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात इंग्रजी राजांच्या यादवीचे नाटक पाहत बसलेला असतो. हे कृत्य राष्ट्रहितासाठी केले, अशी त्याची समजूत. ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्ये त्या कृत्याची सावली त्याच्या घरात शिरते. ॲरिस्टॉटलने शोकात्म नायकाच्या ज्या प्रमादाचा विचार केला, तो असाच असतो : दुष्टबुद्धीतून नव्हे, तर मोठ्या पदावरच्या मनुष्याच्या निर्णयातून जन्मलेला.

तिसरी तयारी अधिक सूक्ष्म आहे, आणि माझ्या मते या भागाचा खरा अर्थ तिच्यावाचून उलगडत नाही. ऑक्टोबर २००० मध्ये दाखविलेल्या ‘इन द शॅडो ऑफ टू गनमेन’ या भागात बार्टलेटला गोळी लागते व त्याला भूल देण्यात येते. त्या वेळी अधिकार सोपविण्याचे पत्र त्याने लिहिलेले नसते. एवढेच नव्हे, तर आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जाविकार असल्याचे त्याने मतदारांपासून लपविलेले असते. पुढे त्याबद्दल काँग्रेसचा निंदाठराव त्याला स्वीकारावा लागतो. म्हणजे ज्या मनुष्याने देहाची असमर्थता वर्षानुवर्षे झाकून ठेवली, तोच मनाची असमर्थता एका रात्रीत उघड करतो. पहिल्या वेळी न लिहिलेले पत्र आणि या वेळी लिहिलेले पत्र यांच्यामधले अंतर हीच बार्टलेटच्या व्यक्तिरेखेची वाटचाल होय. केवळ हा एकच भाग पाहणाऱ्यास त्याच्या पत्रात औदार्य दिसेल. संपूर्ण मालिका पाहणाऱ्यास त्यात प्रायश्चित्तही दिसेल.

या प्रसंगी महाभारतातील द्रोणाचे स्मरण होणे भारतीय वाचकाला स्वाभाविक आहे. युद्धाच्या पंधराव्या दिवशी अश्वत्थाम्याच्या मृत्यूची वार्ता ऐकून द्रोणाने शस्त्रे खाली ठेविली. तेथेही पिता आणि सेनापती एकाच देहात होते, आणि पित्याने सेनापतीवर मात केली. साम्य एवढेच आहे. परंतु भेद अधिक बोधप्रद आहे. द्रोण शस्त्र ठेवतो, कारण पुत्राविना त्याला लढण्यात अर्थ उरत नाही. ती निराशा होय. बार्टलेट शस्त्र ठेवतो, कारण ते हाती राहिले तर आपण त्याचे काय करू याची त्याला भीती वाटते. तो आत्मसंशय होय. कन्येसाठी तो वाटेल ती मागणी मान्य करील किंवा एखादे शहर बेचिराख करील. या दोन्ही शक्यता त्याच्यात एकाच वेळी वास करतात आणि त्यांपैकी कोणती बाहेर येईल हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. सत्ताधाऱ्याने स्वतःवर दाखविलेला हा अविश्वास राजकीय नाट्यात दुर्मिळ आहे. बहुतेक राजकीय नाटकांत नायक इतरांच्या हातांतून सत्ता वाचवितो. येथे तो स्वतःच्या हातांतून ती वाचवितो.

हा पित्याचा विषय सॉर्किनने एका समांतर कथेने उजळला आहे. अध्यक्षाचा भाषणलेखक टोबी झीग्लर याला त्याच सुमारास जुळी मुले होतात. आपल्याला आपल्या मुलांविषयी इतर बापांइतके प्रेम वाटेल की नाही, ही त्याची धास्ती असते. रुग्णालयात त्या नवजात अर्भकांशी तो एकटाच बोलतो तेव्हा ती धास्ती विरून जाते. दोन मुलांपैकी कन्येचे नाव मॉली ठेवण्यात येते, मारल्या गेलेल्या रक्षिकेचे. एकाला पितृत्व नुकतेच लाभले आहे आणि दुसऱ्याचे हिरावले जाण्याच्या बेतात आहे. ही मांडणी काहीशी योजून केलेली वाटते हे खरे. पण तिच्यामुळे मुख्य निर्णयाचे वजन वाढते. टोबीच्या आनंदामुळेच प्रेक्षकाला कळते की बार्टलेट जे सांगत आहे ती दुर्बलता नव्हे, ती पित्याची प्रकृतीच आहे.

वॉकेनची व्यक्तिरेखा हे या भागाचे आणखी एक यश. जॉन गुडमनने ती देहाच्या व आवाजाच्या भारदस्तपणाने उभी केली आहे. मालिकेची सहानुभूती उघडउघड डेमोक्रॅटिक पक्षाकडे आहे. तेव्हा रिपब्लिकन सभापती हा खलनायक म्हणून येईल अशी अपेक्षा असते. ती पुरी होत नाही. वॉकेन कठोर आहे, परंतु संधिसाधू नाही. १९४७ च्या उत्तराधिकार कायद्यानुसार सभापतीला कार्यवाहक अध्यक्ष व्हावयाचे तर सभापतिपदाचाच नव्हे, तर प्रतिनिधिगृहाच्या सदस्यत्वाचाही राजीनामा द्यावा लागतो. म्हणजे बार्टलेट परत येताच वॉकेनजवळ काहीही उरणार नाही. एकाच्या मागे परतीचा रस्ता आहे, दुसऱ्याच्या मागे नाही. कायद्यातील एका तपशिलातून एवढे नाट्य निर्माण करणे हे अभ्यासू लेखकाचे लक्षण होय.

तथापि याच ठिकाणी घटनाशास्त्राच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. तिसरे कलम अधिकार देते ते उपाध्यक्षाला. सभापतीचा त्यात अधिकार स्वीकारणारा म्हणून उल्लेख नाही, तो केवळ पत्र स्वीकारणारा आहे. उपाध्यक्षच नसेल तर खरा आधार १९४७ च्या कायद्याचाच राहतो, आणि त्या कायद्यात अध्यक्षाने स्वतः असमर्थता जाहीर करण्याची व परत येण्याची सविस्तर रीत सांगितलेली नाही. त्यातच, विधिमंडळाच्या सदस्याला उत्तराधिकारी नेमणे घटनेला धरून आहे काय, असा प्रश्न अखिल व विक्रम अमर या बंधूंनी १९९५ साली उपस्थित केलेला आहे. हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नव्हे. १० ऑक्टोबर १९७३ रोजी उपाध्यक्ष ॲग्न्यूने राजीनामा दिल्यापासून ६ डिसेंबरला फोर्डने शपथ घेईपर्यंत रिपब्लिकन निक्सनच्या मागे डेमोक्रॅट सभापती कार्ल ॲल्बर्ट हाच उत्तराधिकारी होता. म्हणजे सॉर्किनची कल्पना इतिहासात आठ आठवडे प्रत्यक्ष संभवनीय होती. या भागाचे शीर्षक मात्र ज्या दुरुस्तीचे आहे ती या प्रसंगाला पूर्णपणे लागू पडत नाही, असे म्हणावे लागते. नाटकाला हे क्षम्य आहे. परंतु विद्यार्थ्याने नाटकावरून घटना शिकू नये.

आपल्याकडेही अशी पोकळी एकदा निर्माण झाली होती. राष्ट्रपती झाकिर हुसेन यांच्या ३ मे १९६९ रोजी झालेल्या निधनानंतर उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढविण्यासाठी त्यांनी ते पद सोडले. तेव्हा त्याच वर्षी केलेल्या कायद्याच्या आधारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी २० जुलैपासून २४ ऑगस्टपर्यंत ते काम पाहिले. आपण न्यायाधीशाकडे वळलो, अमेरिका पक्षनेत्याकडे वळते. पहिल्या व्यवस्थेत निःपक्षपातीपणा आहे. दुसरीत लोकमताचा आधार आहे, पण त्याबरोबर पक्षबदलाचा धोकाही आहे. सॉर्किनने नाट्याला पोषक अशी हीच दुसरी बाजू निवडली. सत्ताधारी पिता आणि ओलीस कन्या हा प्रसंगही आपल्याला अपरिचित नाही. ८ डिसेंबर १९८९ रोजी तत्कालीन गृहमंत्री मुफ्ती महंमद सईद यांच्या कन्येचे श्रीनगरात अपहरण झाले व १३ डिसेंबरला पाच अतिरेक्यांच्या मोबदल्यात तिची सुटका झाली. त्या निर्णयाची चर्चा आजतागायत संपलेली नाही. तेव्हा बार्टलेटचा प्रश्न केवळ कल्पित नव्हे, हे लक्षात यावे.

आता मर्यादेकडे वळले पाहिजे. पहिली मर्यादा अशी की, बार्टलेटच्या त्यागाने त्याचे हात स्वच्छ राहतात. पुढील पर्वात कुमरमधील तळांवर जे हल्ले होतात त्यांचा आदेश वॉकेन देतो. ज्याने शरीफला मारविले, त्याने प्रतिशोधाच्या क्षणी बाजूला व्हावे आणि बाँब दुसऱ्याने टाकावेत, ही रचना नायकाला फारच सोयीची आहे. शोकात्मिकेत नायक आपल्या कृतीचे फळ भोगतो. येथे फळाचा कडू भाग प्रतिपक्षाच्या वाट्याला जातो. अर्थात आदेश देण्यास आपण अपात्र आहो हे ओळखूनच बार्टलेट दूर होतो, असा बचाव करता येईल, आणि त्यात तथ्य आहे. परंतु नैतिक निर्णय आणि नैतिक सुटका यांच्यातील सीमारेषा लेखकाने पुसट ठेविली आहे, एवढे मान्य केले पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर. कुमर हे राष्ट्र कल्पित आहे. तेथील माणसांना चेहरा नाही. या भागात पित्यांचा शोक आहे, पण तो सर्व अमेरिकन पित्यांचा आहे. शरीफलाही कोणी पुत्र, कन्या, पिता असतील ही शक्यता भागाच्या दृष्टिपथात येतच नाही. झोईचे अपहरण हा जर त्या हत्येचा प्रतिध्वनी असेल, तर मूळ ध्वनी कोणाच्या घरात उमटला हे दाखविणे आवश्यक होते. इराकवरील स्वारीला त्या वेळी दोन महिनेही झाले नव्हते, हे ध्यानी घेता ही उणीव अधिकच जाणवते. आपल्या महाभारतकाराने अश्वत्थाम्याच्या क्रोधालाही वाणी दिली आणि द्रौपदीच्या पुत्रशोकालाही. दोन्ही तंबूंतील रडणे त्याने ऐकविले. सॉर्किनच्या नाट्यात एकच तंबू आहे.

तिसरी उणीव झोईविषयी. जिच्यासाठी राज्य हस्तांतरित होते ती स्वतः या भागात जवळजवळ अनुपस्थित आहे. ती व्यक्ती न राहता पणाला लागलेली वस्तू होते. तिच्या मातेचा संतापही खऱ्या अर्थाने पुढील पर्वातच प्रकटतो, जेव्हा शरीफच्या हत्येची किंमत आपल्या मुलीने मोजली हे तिला पतीला क्षमा करू देत नाही. हा संताप ‘ट्वेंटी फाइव्ह’मध्येच आला असता, तर पित्याच्या त्यागाला एक प्रतिवाद मिळाला असता व नाट्य अधिक समतोल झाले असते.

या भागाच्या शेवटाविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. चौथ्या पर्वानंतर सॉर्किनने व त्याचा सहकारी थॉमस श्लामी याने मालिका सोडली. पाचव्या पर्वाचा पहिला भाग २४ सप्टेंबर २००३ रोजी जॉन वेल्सच्या लेखणीतून आला. म्हणजे प्रश्न एकाने विचारला आणि उत्तर दुसऱ्याने दिले. झोई परत येते, बार्टलेट पुन्हा पत्र लिहितो, वॉकेन निघून जातो; सर्व पूर्ववत होते. परंतु खऱ्या रसिकाच्या मनात उरतो तो पूर्वीचाच क्षण : दाराशी एक मनुष्य, पाठीमागे दुसऱ्याची झालेली खुर्ची, आणि मुलीविषयी काहीही निश्चित नाही. सॉर्किनने मालिका तेथे सोडली हा व्यावसायिक योगायोग असेल. पण कलेच्या दृष्टीने याहून योग्य अंत त्याला लाभला नसता. उत्तर न देणे हाच येथे प्रामाणिकपणा ठरतो.

सारांश, ‘ट्वेंटी फाइव्ह’ ही निर्दोष कृती नव्हे. तिच्यात कायद्याची थोडी ओढाताण आहे, नायकाविषयी पक्षपात आहे आणि परक्याविषयी अनास्था आहे. तरीही तिच्यात एक विचार असा आहे की, जो राज्यशास्त्राच्या व साहित्याच्या अभ्यासकांनी एकत्र बसून तपासावा. लोकशाहीत सत्ता घेण्याची पात्रता आपण मतदानाने ठरवितो. ती खाली ठेवण्याची पात्रता मात्र ज्याच्या हाती सत्ता असते त्याच्यावरच सोपवितो. कलमातील ‘असमर्थता’ हा शब्द रिकामा ठेवणाऱ्यांना हे ठाऊक असावे. तो शब्द भरावयाचा कोणी, आणि भरण्याचे धैर्य कोणात असते, हा प्रश्न या नाट्यभागाने विचारला आहे. आणि तो विचारण्यासाठी त्याने एका मोठ्या मनुष्याला त्याच्या मुलीच्या बापाएवढे लहान केले आहे. या लहान होण्यातच त्याचे मोठेपण आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मात्र ज्यांच्यावर नंतर बाँब पडले त्यांना ते तसे वाटेल काय, हा प्रश्न वाचकाने या निष्कर्षाशेजारी सदैव ठेवावा.